आषाढ, शके १८५० : एका वाक्याची दुरुस्ती

सोळा वर्षांपूर्वी नारायण सुर्वे यांच्या कवितेवर लिहिताना मी एक वाक्य लिहून गेलो होतो : 'माझे पणजोबा साचेवाले होते आणि १९२८च्या संपात ते लाल बावट्याखाली लढले.' लेख पणजोबांवर नव्हता. गिरणगावाच्या कवितेविषयी बोलण्याचा आपल्याला काही घरचा अधिकार आहे, हे वाचकाला कळावं, एवढ्यासाठीच ते वाक्य तिथे आलं होतं. त्यासाठी मी एकही कागद पाहिला नव्हता. आजोबा सांगायचे, वडील सांगायचे, मीही सांगितलं. पुढे दोन-तीन व्याख्यानांतही ते वापरलं आणि दर वेळी त्याला टाळ्या मिळाल्या.

वडील गेल्यावर राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. तिच्यातल्या कागदांमुळे ते वाक्य तपासणं भाग पडलं. तपासाला चार वर्षं लागली आणि निम्मं वाक्य खरं निघालं. उरलेल्या निम्म्याच्या जागी काय लिहायचं, हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. गिरणगावाविषयी मराठीत जे लिहिलं गेलं ते आपण कसं वाचत आलो, याच्याशी तो जोडलेला आहे.

१

गिरणीत गेलेला पूर्वज शोधायला माणूस साहजिकच आधी मुंबईला जातो. मीही तेच केलं. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली कापड गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये चालू झाली, तिथपासून पुढची शंभर-सव्वाशे वर्षं मुंबई गिरण्यांसाठी माणसं ओढत राहिली. १९२१च्या जनगणनेत मुंबईच्या रहिवाशांपैकी शंभरातले केवळ सोळा मुंबईत जन्मलेले होते. बाकीचे चौऱ्याऐंशी कुठून तरी आलेले. त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्हींचा, वाटा फार मोठा. त्याखालोखाल घाटावरचे सातारा, पुणे हे जिल्हे. एवढी माणसं आली म्हणजे एवढे कागदही असतील, असा माझा भाबडा समज होता.

कागद का नाहीत, याचं उत्तर भरतीच्या पद्धतीत आहे. कामगार घेण्याचं काम जॉबरचं. तो आपल्या गावचा, नात्याचा, ओळखीचा माणूस आणणार, तोच त्याला खात्यात लावणार आणि मनात आलं की काढणार. माणूस कुठला, कुणाचा, ही माहिती जॉबरच्या डोक्यात असे; मस्टरवर उतरायची ती फक्त हजेरी. दरवाजावर रोज सकाळी उभ्या राहणाऱ्या बदलीवाल्यांची नोंद ठेवण्याची पद्धत मालकांनी सुरू केली तीच मुळी १९३५ मध्ये. राज्य विमा योजनेचा कायदा १९४८चा, भविष्य निर्वाह निधीचा १९५२चा. त्याआधी खपलेल्या माणसाचा माग कागदावर लागणं हा नशिबाचा भाग.

आमचं नशीब एका हजेरी-कार्डाएवढं होतं. ट्रंकेत ते सापडलं. त्यावर पणजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, खातं आणि तिकीट नंबर. आडनाव नाही, गाव नाही, साल नाही. खातं मात्र विणाईचं, म्हणजे साचेखातं. माझ्या वाक्यातला पहिला तुकडा इथे खरा ठरला. गिरणीचे जुने मस्टर कुठे आहेत, हे सांगणारं कुणी उरलेलं नव्हतं. गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे.

दुसरा धागा मिळाला तो लालबागच्या एका चाळीत. आमच्या गावाची तिथे एक खोली होती. 'गावकीची खोली' म्हणजे काय, हे नव्या वाचकाला सांगायला हवं. बायकापोरं गावी ठेवून आलेले एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष मिळून एक खोली भाड्याने घेत. ट्रंका एकीवर एक रचलेल्या, पाळीनुसार झोपायचं, जेवण खाणावळीत. भोंगा झाला की एक पाळी उठून जाई आणि तिच्याच वळकटीवर दुसरी पाळी टेकत असे. या खोलीतूनच पुढे ग्रामस्थ मंडळ निघालं. मंडळाच्या जुन्या वह्यांत देवळाच्या कौलांसाठी, शाळेच्या भिंतीसाठी, कुणाच्या मर्तिकासाठी काढलेल्या वर्गण्यांचे हिशेब आहेत. मला मिळालेल्या वह्या १९४० नंतरच्या. त्यांत पणजोबांचं नाव दोनदा येतं, दोन्ही वेळा एकेक रुपया भरल्याबद्दल. दोन्ही वेळा त्या रुपयाचं काम गावात झालेलं आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

२

मुंबईत वाट संपल्यावर मी गावाकडच्या कागदांकडे वळलो. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्यांना लोक 'कोतवाल बुक' म्हणतात, त्यांच्यात आजोबांचा जन्म सापडला : एप्रिल १९२९. शाळेच्या दाखल्यावर त्यांची तारीख १ जूनची आहे. मास्तरांनी अनेकांची घातलेली असते तशी. एप्रिल १९२९ वाचून मी आधी पान उलटलं, मग पुन्हा मागे आलो आणि बोटांवर महिने मोजले. नऊ महिने मागे गेलं की जुलै १९२८ येतो.

१९२८चा सार्वत्रिक संप एप्रिलमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये मिटला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. मुळाशी होती मालकांची काटकसरीची योजना : विणकराने दोनाऐवजी तीन साचे चालवायचे, कताईत एकाच माणसाने जास्त बाजू सांभाळायच्या, आणि जोडीला मजुरीत कपात. याच संपाच्या धामधुमीत, मे १९२८ मध्ये, गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, जन्माला आली. आमच्या घरच्या आठवणीत पणजोबा या सहा महिन्यांत परळच्या मैदानात सभेला बसलेले होते.

पण जुलैत ते गावी होते, आणि जुलैत गावी असणं म्हणजे मे महिन्याच्या अखेरीआधी आलेलं असणं. तेव्हा आमच्याकडचा माणूस मुंबईहून यायचा तो बोटीने, जैतापूर बंदरावर. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद, त्या पुन्हा चालू व्हायच्या नारळी पौर्णिमेच्या सुमाराला. घाटातून फिरून येण्याचा रस्ता होता, पण तो लांबचा आणि खर्चाचा. संप चालू, हातात पगार नाही, अशा वेळी तो कोण घेणार? म्हणजे शेवटच्या बोटींपैकी एकीने ते आले आणि पावसाळाभर राहिले, असाच अंदाज निघतो.

अंदाजाला पुरावा मिळाला तो ट्रंकेतल्याच एका कागदाने. मोडीतली ती चिठ्ठी मी इतके दिवस गिरणीचा कागद समजून बाजूला ठेवली होती. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडे ती नेली. त्यांनी चष्मा वर सरकवून एका दमात वाचली आणि म्हणाले, ''गिरणी कुठली, हा कर्जरोखा आहे.'' मिती आषाढ, शके १८५०. म्हणजे १९२८चे जून-जुलै. चांदीचे तोडे गहाण ठेवून बारा रुपये घेतले. घेणारी बाई, तिच्या नावापुढे 'कोम' आणि नवऱ्याचं नाव. खाली अंगठा. साक्षीला नवरा, त्याचाही अंगठा. कर्जाचं कारण म्हणून एकच शब्द : 'पोटास'.

ती माझी पणजी. कोतवाल बुकातल्या त्या पानावर मुलाच्या आईचं नाव नाही. हजेरी-कार्डावर ते असण्याचं कारण नाही. गावकीच्या वहीत नाही. आजोबा तिला 'आये' म्हणत, म्हणून वडिलांनाही ते ठाऊक नव्हतं. आमच्याकडच्या कागदांत तिचं नाव या एकाच जागी आहे.

३

पहिल्यांदा मला वाईट वाटलं, हे कबूल करायला हवं. संप सोडून माणूस बायकोकडे गेला, तिचे तोडे गहाण पडले, आणि मी त्याला बावट्याखाली उभा करून सोळा वर्षं टाळ्या घेत होतो. पण या निराशेच्या आत एक गृहीत लपलेलं होतं : लढा मुंबईत होता, गाव म्हणजे लढ्यापासून पळून जाण्याची जागा. हे गृहीत माझ्यापर्यंत आलं कुठून?

एक वाट सरकारी कागदांतून येते. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने आपल्या अहवालात नोंदवलं की इथला कामगार शहराच्या ओढीने आलेला नाही, गावातल्या गरजेने ढकलला गेलेला आहे, आणि त्याचं मन गावीच असतं. आयोगाने गावाशी असलेला दुवा टिकवावा असंच सुचवलं. मालकांनी मात्र त्याच गोष्टीला गैरहजेरीचं आणि बेशिस्तीचं कारण म्हटलं. दोघांच्याही लेखी तो अर्धाच कामगार होता. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गावरच्या १९९४च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही समजूत उलटी करून दाखवली. गावाशी असलेला संबंध हे कामगाराच्या कच्चेपणाचं लक्षण नव्हतं. संपात टिकाव धरण्याचं ते त्याचं साधन होतं. ज्याच्या घरी भात होतं तोच सहा महिने बिनपगारी काढू शकत होता. मुंबईत राहिलेल्यांसाठी संपसमितीला धान्य वाटावं लागलं; जे हजारो गावी गेले, त्यांचं पोट गावाने सांभाळलं.

हा ग्रंथ मी वाचलेला होता, त्यातली वाक्यं अधोरेखित केलेली होती. तरीही घरच्या कागदासमोर बसल्यावर मला लाज वाटली. याचं कारण दुसऱ्या वाटेत आहे, आणि ती वाट आपल्या साहित्यातून येते.

गिरणगावाविषयीचं मराठी लेखन बहुतेक शहरात सुरू होतं आणि शहरातच राहतं. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'पासून भाऊ पाध्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांपर्यंत आणि जयंत पवारांच्या 'अधांतर'पर्यंत चाळ, नाका, गिरणीचा दरवाजा, युनियनची कचेरी हाच अवकाश. सुर्वे यांच्यापाशी तर शहर हेच विद्यापीठ. त्यांच्या १९६६च्या संग्रहाचं नावच 'माझे विद्यापीठ'. यात खोटं काहीच नाही. पण सुर्व्यांच्या बाबतीत हे असं का, याचा विचार मी त्या जुन्या लेखात केला नव्हता. अनाथ सापडलेल्या या मुलाला गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी घरी नेलं आणि आपलं नाव दिलं. १९३६ मध्ये ते निवृत्त होऊन कोकणात परतले, तेव्हा हातावर दहा रुपये ठेवून पोराला मुंबईतच सोडून गेले. ही हकिकत आपण कवीच्या पोरकेपणाची म्हणून वाचतो. तिची दुसरी बाजू अशी की गंगाराम सुर्वे त्यांच्या पिढीचा कामगार जिथे जायचा तिथेच गेले. गिरणीत हात चालेनासे झाले की परतायला गाव होतं. पोराला मात्र ते गाव वारसा म्हणून मिळालं नाही. मिळालं ते आडनाव. ज्या कवीला परतायला गावच नव्हतं, त्याच्या कवितेत मुंबई हीच आदि आणि अंत असणार. चूक आपली झाली. या एका विलक्षण माणसाची स्थिती आपण साऱ्या कामगारवर्गाची मानली.

गाव या साहित्यात येतं ते मागे राहिलेलं म्हणून. अण्णा भाऊ साठे स्वतः वाटेगावहून मुंबईला आले, गिरणीत राबले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेल्या त्यांच्या छक्कडचं नावच 'माझी मैना गावावर राहिली'. तिथे मैना ही प्रिया आहे आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूखही आहे. छक्कड म्हणून ती थोरच. पण बोलतो तो मुंबईतला पुरुष. मैनेविषयी बोललं जातं. ती गावावर राहून काय करत होती, कुणाकडून बारा रुपये घेत होती, हे तिला कुणी विचारत नाही. 'राहिली' या क्रियापदात जणू काहीच न करणं आहे. माझ्या पणजीने त्या आषाढात काय काय केलं याची यादी मी करून पाहिली : कर्ज काढलं, भात आणलं, लावणी केली, संपकऱ्याला जेवू घातलं, आणि दिवस गेलेले असताना भाद्रपद-आश्विनात कापणीला उभी राहिली. नारळी पौर्णिमेनंतर नवरा बोटीने गेला की संप मिटल्यावर, हे कळायला मार्ग नाही.

तिच्या बाजूचं साहित्य अजिबात नाही असं मात्र म्हणता येणार नाही. ते जात्यावर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. बायकांनी स्वतःविषयी स्वतः रचलेलं एवढं मोठं भांडार आपल्याकडे दुसरं नसेल. पण गिरणगावाच्या साहित्याचा इतिहास लिहिताना आपण शाहिराला जागा देतो, कवीला देतो, नाटककाराला देतो, ओवीची रवानगी लोकसाहित्याच्या वेगळ्या खोलीत करतो. माझी आजी दळताना बोटीवर, बंदरावर, न आलेल्या मनिऑर्डरीवर ओव्या म्हणायची. मी साहित्याचा अभ्यास केला आणि त्यातली एकही उतरवून घेतली नाही. १९२८च्या पणजोबांविषयी मी अंदाज बांधतो आहे. आजीच्या ओव्या तर माझ्या कानांवर पडल्या होत्या.

४

गाव लढ्याला पोसत होतं म्हणून गाव चांगलं, असा अर्थ यातून काढला तर तीही फसगतच. ज्या जमिनीतलं भात त्या वर्षी शिजलं ती आमची नव्हती. आम्ही खोताची कुळं. पिकाचा वाटा खोताला गेल्यावर उरेल त्यावर घर चालेना, म्हणून तर माणूस गिरणीत गेला. खोती संपवण्याचं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. म्हणजे संपाला आधार देणारं गाव स्वतः कर्जात उभं होतं, आणि ते कर्ज बाईच्या अंगावरच्या चांदीतून निघत होतं.

माझ्या वाक्याचा पहिला तुकडा खरा निघाला म्हणून मी खूश होतो. त्याच्याकडेही पुन्हा पाहावं लागलं. पणजोबा साचेवाले होते, याचा आमच्या घराला अभिमान. साचेखात्यात पगार बरा. पण ते खातं सगळ्यांना खुलं नव्हतं. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाने ओढलेला धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, असं म्हणून सवर्ण विणकरांनी दलितांना तिथे शिरू दिलं नाही. त्यांची भरती व्हायची ती कमी पगाराच्या रिंग खात्यासारख्या जागी. १९२८च्या संपातच डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे केला. म्हणजे आमच्या कार्डावरचा खात्याचा शिक्का कौशल्याचा दाखला आहे तसाच जातीचाही आहे. माझा एक मित्र आपल्या पणजोबांचा असाच शोध घेतो आहे. त्याच्या घरी कार्ड नाही, गहाण टाकायला तोडेही नव्हते. पूर्वज सापडणं हेसुद्धा सगळ्यांना सारखं परवडत नाही.

आणि बाया काही साऱ्याच गावी नव्हत्या. एके काळी मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांत पाचात एक बाई होती, बहुतेक वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत. १९२९च्या प्रसूती लाभ कायद्यानंतर, काटकसरीच्या योजना आणि रात्रपाळीवरच्या बंधनांमुळे त्यांची संख्या घटत गेली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावाच्या शंभर वर्षांचा मौखिक इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला, त्यात कामगार बायांचे आवाज ऐकू येतात. असं काम दोन पिढ्या आधी झालं असतं तर, हा विचार तो वाचताना सतत मनात येतो.

५

आज गिरणी कामगार पूर्वजाचे कागद हजारो घरांत शोधले जात आहेत, ते घरासाठी. म्हाडाच्या सोडतीसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो : तिकीट नंबर, विमा कार्ड, निधीची पावती. ही मागणी न्याय्य आहे आणि ती अपुरी राहिली आहे. पण त्या तारखेने एक रेषाही आखली. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपातले अडीच लाख कामगार इतिहासात आले; त्याआधीच्या पिढ्या कुणाच्याच यादीत नाहीत. त्या संपातही कित्येक जण गावी गेले होते आणि गावाने त्यांना काही काळ पोसलं होतं. मात्र तोवर मुंबईतच वाढलेली एक पिढी तयार झाली होती, तिला लावणी येत नव्हती आणि गावच्या भातात तिचा हिस्सा उरला नव्हता. 'अधांतर'मधलं धुरी कुटुंब लालबागच्या खोलीत कोंडून का फुटतं, हे मला आता जास्त समजतं. परतीची बोट त्यांच्यासाठी बंद झालेली आहे, आणि नारळी पौर्णिमेने ती सुरू होणार नाही.

एक गोष्ट राहिली. मोडी वाचून दिल्यावर ते गृहस्थ चिठ्ठी उलटसुलट करत म्हणाले, ''ही तुमच्याकडे कशी?'' मला प्रश्न कळला नाही. त्यांनी समजावलं : कर्जरोखा असतो सावकाराकडे. कर्ज फिटलं की तो वरून थोडा फाडून कुळाला परत देण्याची रीत होती. आमच्या चिठ्ठीचा वरचा कोपरा फाटलेला आहे. तो मी उंदरांचा किंवा काळाचा समजत होतो.

म्हणजे बारा रुपये फिटले आणि तोडे सुटले. संप मिटल्यावर तीन महिन्यांत फिटले की तीन वर्षांत, ते कागद सांगत नाही. पण ज्या घरात रोख पैसा फक्त एकाच वाटेने येत होता, तिथे ते गिरणीच्या पगारातूनच फिटले असणार. संपात गावाने गिरणीला दिलं, ते मनिऑर्डरीने परत आलं.

तर दुरुस्ती अशी. 'माझे पणजोबा साचेवाले होते. १९२८च्या संपात ते गावी होते. त्या आषाढात माझ्या पणजीने आपले तोडे गहाण ठेवून संप चालवला, आणि पुढे ते सोडवले.' जुना लेख पुस्तकात घेण्याची वेळ आली तर मूळ वाक्याच्या जागी हे छापावं. घरच्या वंशावळीच्या कागदावर पुरुषांचीच नावं होती. तिचं नाव तिथे मी गेल्या महिन्यात लिहून ठेवलं.